मोरपंखी, शेड नंबर सतरा

अक्कलकोट रोडच्या मागचा नाला
सोमवारी लाल, बुधवारी जांभळा,
शुक्रवारी मोरपंखी.
आमच्या बोळातली पोरं
नाला बघून वार सांगायची.

वडील, राजमल्लू दुडम, कलरमास्तर.
माझ्या लग्नात नवरदेवापेक्षा
त्यांचेच हात जास्त रंगलेले.

मोरपंखीला तांबं लागतं, ते म्हणायचे,
तांब्याशिवाय हा मोर पिसारा उघडत नाही.
टॉवेल फाटेल, रंग उतरणार नाही.
आणि जो टॉवेलला धरत नाही, तो?
तो जातो.
कुठं?
सीनेला.
मग?
भीमेला, कुडलच्या पुढं. मग कृष्णेला.
मग?
टबातली काठी थांबवून
ते तेलुगूत म्हणाले, समुद्रम्.
जसं काही तिथं पोचायला
आजोबांचीच भाषा लागते.

समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. मीही.
तीन राज्यांपलीकडचा तो
माझ्याकडे आला मिनरलच्या बाटलीत,
चादरींची खेप उतरवून परतणाऱ्या
आतेभावाच्या ट्रकमधून.

कॉलेजच्या लॅबमध्ये थेंब काचेखाली ठेवला.
आमच्या पुस्तकात यांना करंडक म्हणतात.
खरंच करंडे.
वाळूच्या काचेचं झाकण, काचेचं बूड,
आत कुंकवाच्या जागी
चिमूटभर सोनेरी ऊन.
एकाचे दोन होताना
एकीला झाकण मिळतं, दुसरीला बूड.
दोघी मिळालं त्याला झाकणच मानतात
आणि आपापलं बूड स्वतः घडवतात,
त्यात बसेल असं, जरा लहान.
अशी लहान होत होत एक पिढी
शेवटी काच टाकून देते,
उघडी होते,
आणि पुन्हा पणजीच्या मापाची होते.
समुद्राचं गवत म्हणजे हेच.
पुढचे सगळे मासे याच कुरणावर.

पण बाटलीतल्या बहुतेक रिकाम्या होत्या.
दोष कुणाला द्यायचा?
दोन दिवस केबिनच्या उन्हात तापलेलं पाणी,
एवढ्यावरून नाल्याचं नाव घेता येत नाही.
जगलेल्या थोड्या मी खिडकीत वाढवल्या,
मिठाचं पाणी मोजून,
तान्ह्या पोराच्या दुधासारखं.
मग तीन चंबू.
पहिल्यात काही नाही.
दुसऱ्यात मोरपंखीचा एक थेंब,
तिसऱ्यात पाच.

तांबं त्यांनाही लागतं,
मुंगीच्या पावलाएवढं.
पाऊल वाढलं की काच घडेना.
चौथ्या दिवशी तिसऱ्या चंबूत
झाकणं होती, बुडं नव्हती.
अर्धे करंडे, आतलं ऊन सांडलेलं.

वडिलांना रविवारी बोलावलं.
चप्पल बाहेर काढून आले,
मी नको म्हणाले तरी.
एक डोळा मिटला,
शेड जुळवताना मिटतात तसा.
पहिला चंबू बराच वेळ बघितला.
हा सोनेरी कुठला नंबर?
याला नंबर नाही, नाना.
कुणी काढला?
मी काही बोलले नाही.
तिसरा बघितला.
डोळा वर न करता म्हणाले,
याचा रंग उतरलाय.

पन्नास वर्षं न उतरणारा रंग केलेल्या माणसानं
हे वाक्य कधी कुणाला ऐकवलं नव्हतं.
परत आलेल्या मालावरही
ते म्हणायचे, धुणाऱ्याची चूक.

खाली सायकलींचा आवाज, कुणीतरी हसलं.
मी चंबू बेसिनकडे नेले, ओतायला.
ते मागं उभे,
निळी नखं मुठीत झाकून.
थांब, म्हणाले,
ह्याचं पाणी कुठं जातं?